धुक्यातला डिपर

एक

थांबा-काकांना गाडीने पाडलं त्या मंगळवारी सकाळी धुकं इतकं दाट होतं, की शाळेची घंटा ऐकू आली पण शाळा दिसली नाही.

काका तीस वर्षं त्या शाळेसमोर, रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांपाशी उभे राहत. हातात लाल गोल पाटी आणि पाटीवर एकच शब्द : थांबा. त्यांची पद्धत ठरलेली. आधी स्वतः एकट्याने रस्त्याच्या मध्यावर जायचं, पाटी उंच धरायची आणि मगच मुलांना हाक मारायची. त्या सकाळी मागे सात मुलं एकमेकांचे हात धरून उभी होती. काका चार पावलं पुढे गेले, आणि धुक्यातून आलेल्या गाडीचा धक्का लागून पडले. मुलांना हाक मारायची राहून गेली, म्हणून सातही जण वाचले.

गाडीला चालक नव्हता. ती नव्या पद्धतीची, आपली आपण चालणारी, दहा माणसं बसतील एवढी पांढरी गाडी होती. चार महिने तिची चाचणी चालली होती. ती इतकी सावकाश जायची की लोकांनी तिचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. अपघातानंतर जो तो म्हणू लागला, "बघा, गोगलगाय आणि पोटात पाय!"

काकांच्या पायाचं हाड मोडलं. शुद्धीवर आल्यावर ते जे बोलले त्याने मात्र सगळेच चक्रावले.

"तिने मला डिपर दिला," काका म्हणाले. "एक डिपर. जा म्हणाली. म्हणून मी गेलो."

त्या रस्त्यावरच्या चालकांची आणि काकांची ही जुनी भाषा होती. धुक्यात लाल पाटी दिसली की चालक मोठा दिवा एकदा उघडझाप करी, म्हणजे 'पाहिलंय, जा.' दोनदा केला तर 'थांबता येणार नाही, तुम्ही थांबा.' ही भाषा कोणत्याही नियमात लिहिलेली नव्हती. पण तीस वर्षांत ती एकदाही चुकली नव्हती.

गोगलगायीला ती कुणी शिकवली नव्हती. तिच्या नोंदीत स्पष्ट होतं : दिवे पूर्ण वेळ खालच्या उजेडावर, उघडझाप शून्य. म्हणजे काकांचं डोकं चालत नाही, असा अर्थ निघत होता. सोमवारी चौकशीची बैठक होती. तिथे तसं ठरलं असतं, तर पाटी काकांच्या हातातून कायमची गेली असती.

मी वाहन तपासणी कार्यालयाच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं होतो. चौकशीला तिघे नेमले होते. दोघांना वेळ नव्हता, म्हणून उरलो मी. मला लोकांना प्रश्न विचारण्याचा भारी संकोच वाटतो. नेमणाऱ्यांची काहीतरी चूक झाली असावी असंच मला वाटत होतं.

गुरुवारी काकांची मुलगी माझ्या दारात उभी राहिली. आत यायला तयार नाही.

"बाबा खोटं बोलत नाहीत," ती म्हणाली. "आणि त्यांचं डोकं फिरलं असेल, तर तेही मला कळू दे. पण खरं काय ते कळू दे. ते रात्रंदिवस एकच विचारतायत, मी वेडा झालोय का गं?"

दोन

काका मुलीकडेच राहत. तिच्या दाराला एक पायरी होती आणि त्या पायरीवर डांबराचा काळाभोर उतार नव्याने केलेला होता, चाकांची खुर्ची आतबाहेर नेता यावी म्हणून. काळ्यात बारीक पांढरे ठिपके चमकत होते. धुक्यातून आलेल्या माझ्या डोळ्यांना ते आभाळाचा एक तुकडा दारात अंथरल्यासारखे वाटले.

"यांनीच केलाय," मुलगी म्हणाली. तिचा नवरा रस्त्याच्या कामावर मुकादम होता. "बुधवारी दिवसभर खपले. एरवी घरातला खिळा ठोकायचा तर महिना लावतात."

मुकादम मोरीपाशी हात धूत होते. त्यांनी नुसती मान हलवली.

काका पाय प्लास्टरमध्ये घालून खिडकीशी बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुम्हीपण तेच विचारणार?"

"मी... खरं म्हणजे काहीच विचारणार नाही," मी म्हणालो. मला खरोखरच काही सुचत नव्हतं.

ते हसले. मग आपणहून बोलू लागले. धुक्यात दोन दिवे तरंगत आले. खाली होते, मंद, दोन झोपाळू डोळ्यांसारखे. मग एकदम उजळले, थेट डोळ्यांत. आणि पुन्हा मंद झाले.

"किती अंतरावर?"

"वीस पावलं. पंचवीस म्हणा. तीस वर्षं अंतरंच तर मोजतोय."

उशाशी कागदांचा गठ्ठा होता. रस्ते खात्याला केलेले अकरा अर्ज. शाळेआधी स्पीडब्रेकर हवा, हा एकच विषय. मी कागद पाहिले की वाचतोच. शेवटच्या अर्जात काकांनी मापं दिली होती : पट्ट्यांपासून चाळीस पावलांवर, चार बोटं उंच, निमुळता, वर पांढरे पट्टे, आणि आधी सूचनेची पाटी.

"बाबांचा ब्रेकर म्हणजे आमच्या घरातलं तोंडी लावणं," मुलगी म्हणाली. "दोन्ही वेळच्या जेवणाला."

"आता नको ना तो विषय," मुकादम दारातून म्हणाले.

तेवढ्यात अंडीवाली बाई सायकल टेकवून आत डोकावली.

"काका, सहा अंडी ठेवलीत, त्यांचे पैसे नकोत. त्या मंगळवारचा शकुनच वाईट हो! साडेसहाला शाळेच्या रस्त्याने येत होते, तर धाडकन सायकल उडाली आणि अख्खा ट्रे खाली. मला वाटलं खड्डा असेल. पण दुसऱ्या दिवशी बघते, तर खड्डाबिड्डा काही नाही. भुताटकीच!"

"चाकात हवा भरत जा," मुकादम म्हणाले.

"हवा तुमच्या डोक्यात भरलीय मुकादम, माझ्या चाकात बरोबर असते," असं म्हणून ती गेलीसुद्धा.

मी हसलो. तिथेच खरं तर मी थबकायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात प्रकाश नेहमीच उशिरा पडतो.

तीन

गोगलगाय एका उंच छताच्या शेडमध्ये उभी होती. शांत, स्वच्छ, आपल्या हातून काही घडलंय याचा पत्ता नसलेली. तिच्या कपाळावर काचेचे दोन डोळे होते. त्यांनीच ती रस्ता बघे.

तिला घडवणाऱ्या अभियंता बाई तरुण होत्या आणि तीन रात्री झोपलेल्या नव्हत्या.

"मला त्या आजोबांना वेडं ठरवायचं नाहीये," त्या म्हणाल्या. "पण नोंद खोटं कशी बोलेल? हे बघा."

पडद्यावर एक रेघ सरळ जात होती. तिला दोन ठिकाणी टोकं होती. दोन हादरे. आधी एक, मग ब्रेक लागल्याची खूण, मग दुसरा.

"दुसरा हादरा म्हणजे... धक्का. आणि पहिला म्हणजे त्यांची पाटी चाकाखाली आली तो."

"पाटी आधी आणि काका नंतर?"

"हातातून उडाली असेल."

पाटी टेबलावरच होती. मी ती उचलून पाहिली. तिचा दांडा पिचला होता, पण लाल पत्र्यावर साधा ओरखडा नव्हता. मी ती जपून खाली ठेवली. कदाचित पत्र्यावर ओरखडे पडतच नसतील, असंही मनात आलं.

चाचणीच्या काळात गाडीत एक सोबतीण बसे. गरज पडली तर लाल बटण दाबणं हे तिचं काम. ती कोपऱ्यातल्या बाकावर मांडीवर वही घेऊन बसली होती.

"माझी चूक आहे, काका," ती मलाच काका म्हणाली. "मी खाली मान घालून लिहीत होते. धुकं किती आहे ते दर पाच मिनिटांनी लिहावं लागतं. दिवसाची पहिलीच फेरी. एकदम पेन्सिल उडाली. म्हणून मी वर बघितलं, तर ते पाटी धरून समोर चालत येताना दिसले. बटणाकडे हात नेला, तोवर..."

वहीत 'दाट' या शब्दाच्या शेवटी पेन्सिलीची रेघ कागदाच्या टोकापर्यंत उडाली होती.

"पेन्सिल आधी उडाली?"

"हो."

"आणि तेव्हा काका उभे होते? म्हणजे, पडलेले नव्हते?"

"उभे होते," ती म्हणाली. अभियंता बाई पुन्हा पडद्याकडे वळल्या. काकांना गाडी लागायच्या आधी, पाटी त्यांच्या हातात असताना, मोकळ्या रस्त्यावर गाडी कशालातरी हादरली होती.

चार

"दिवा खोटं बोलत नाही," दिवेवाले मिस्त्री मला म्हणाले. गाड्यांच्या दिव्यांचा झोत बरोबर उंचीवर लावणं हे त्यांचं आयुष्यभराचं काम. गोगलगायीचे दिवेही त्यांनीच लावले होते, त्यामुळे बोट त्यांच्याकडेही वळलं होतं आणि ते तापले होते.

"तुम्ही लावलेले दिवे वर असतील, असं काहीजण..."

"काहीजणांना म्हणावं, इथे येऊन बघा!"

त्यांनी शेडमधला उजेड घालवला आणि गोगलगायीचे दिवे लावले. समोरच्या भिंतीवर खडूची आडवी रेघ होती. दिव्यांचा उजेड बरोबर त्या रेघेपर्यंत आला आणि सुरीने कापल्यासारखा थांबला. खाली उजेड, वर काळोख.

"खालचा उजेड रस्त्यासाठी, वरचा काळोख समोरच्या माणसाच्या डोळ्यांसाठी. एवढंच आमचं शास्त्र. बसा तिथे."

मी भिंतीला टेकून स्टुलावर बसलो. माझं तोंड रेघेच्या वर, काळोखात होतं. बरं वाटलं. काळोखात मी जरा धीट होतो.

"बाई म्हणतात, पुढे गाड्यांना दिवेच लागणार नाहीत," मिस्त्री कपात चहा ओतत म्हणाले. "गाड्या एकमेकींना काळोखातच ओळखतील म्हणे."

"ओळखतीलच," अभियंता बाई कुठूनतरी म्हणाल्या. "रडारने."

"ओळखू देत की. पण रस्त्यातल्या माणसाने गाडीला कसं ओळखायचं? दिवा काय फक्त गाडीला दिसावं म्हणून असतो? गाडी दिसावी म्हणूनही असतो, बाई."

मिस्त्री चहा घेऊन गाडीच्या मागे गेले. त्या अंधाऱ्या शेडमध्ये उजेडात तरंगणारी धूळ बघता बघता मला गुंगी आल्यासारखं झालं. आपण धुक्यात उभे आहोत आणि दोन झोपाळू डोळे आपल्याकडे येतायत असं वाटू लागलं.

आणि एकाएकी ते डोळे उजळले. थेट माझ्या डोळ्यांत. मग पुन्हा मंद झाले.

मी नकळत उठून एक पाऊल पुढे टाकलं.

"मिस्त्री, डिपर कशाला देताय?"

"मी कुठे दिला?" मागून आवाज आला. "मी तर इथे मागच्या कडेवर चहा पीत बसायला गेलो, तर बूड भाजलं म्हणून उठलो. हीटरची जाळी आहे तिथे."

कुणीही कळ दाबली नव्हती. गाडीची शेपटी दबली, नाक वर झालं, आणि उजेड रेघ ओलांडून माझ्या डोळ्यांत आला. मग त्या सकाळी रस्त्यावर गाडीचं नाक वर झालं, ते कशामुळे?

पाच

शनिवारी सकाळी मी शाळेच्या रस्त्यावर गेलो. पुन्हा धुकं होतं. पांढऱ्या पट्ट्यांपासून मी पावलं मोजत निघालो आणि माझ्याच मूर्खपणावर मनात हसत होतो. रस्ता सपाट होता. स्पीडब्रेकर सोडा, साधी गाठसुद्धा नव्हती.

बाविसाव्या पावलावर मी थांबलो.

रस्त्यावर झाडांची पिवळी पानं सगळीकडे भिरभिरत होती. वारा आला की सरकत, गेला की निजत. पण इथे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, हातभर रुंदीच्या पट्ट्यात पानं हलत नव्हती. जणू कुणी रस्त्यावर पानांची सतरंजी घातली होती. मी वाकून एक पान ओढलं. ते फाटून माझ्या हातात आलं. अर्धं खाली चिकटून राहिलं, डांबरात. आजूबाजूला कुदळीचे घाव होते.

इथे काहीतरी होतं. आणि ते कुणीतरी उचलून नेलं होतं, भर दिवसा, सगळ्यांदेखत. पण रस्त्यावर कुदळ मारणाऱ्या माणसाकडे कोण बघतं? तो रस्त्याचाच भाग असतो.

मग एकेक गोष्ट आपणहून येऊन माझ्या शेजारी उभी राहिली. सकाळी साडेसहाला उडालेली सायकल. पावणेआठला उडालेली पेन्सिल. दुसऱ्या दिवशी नाहीसा झालेला खड्डा. आणि दारात अंथरलेला आभाळाचा तुकडा, त्यातले ते पांढरे ठिपके.

मी रस्त्याच्या कडेला बसून राहिलो. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला चौकशी सोडून घरी जावंसं वाटलं. त्या मुलीने माझ्याकडे खरं मागितलं होतं, आणि खरं तिच्याच घराच्या उंबऱ्यावर पडलेलं होतं.

सहा

रविवारी मी काकांच्या दाराशी गेलो, तेव्हा आधी खाली बसलो. नखाने उतारावरचा एक पांढरा ठिपका उकरला. बोटाच्या पेरावर अंड्याच्या कवचाची कपची आली.

"काय हरवलं?" मुलीने विचारलं.

"नाही... सापडलं," मी म्हणालो. "तुमचे यजमान आहेत का? सगळ्यांनाच सांगतो. दोनदा सांगायची हिंमत माझ्यात नाही."

काका खुर्चीवर होते. मुकादम दारात उभे राहिले, धड आत नाहीत धड बाहेर नाहीत. मी माझ्या चपलांकडे बघत बोललो.

"काका, तुम्ही वेडे नाही. डिपर तुम्हाला दिसला. गाडीने तो दिला नाही, पण दिसला. तुमच्यापासून बावीस पावलांवर एक उंचवटा होता. गाडीची पुढची चाकं त्यावर चढली, नाक वर झालं, उजेड तुमच्या डोळ्यांत आला. चाकं उतरली, उजेड खाली गेला. एक डिपर."

काकांनी डोळे मिटले.

"आणि ज्या क्षणी तिने तुम्हाला जा म्हटलं, त्याच क्षणी तिचेही डोळे वर धुक्यात गेले. अभियंता बाईंनी काल तपासून पाहिलं. हादरा बसला की डोळे स्थिर होईपर्यंत गाडी आधीचंच चित्र खरं धरते. त्या चित्रात तुम्ही कडेला उभे होतात. ती सावरली तेव्हा तुम्ही रस्त्यात होतात. तिने ब्रेक लावला, पण रस्ता ओला होता."

"पण तिथे उंचवटा नाहीये," मुलगी म्हणाली. "मी रोज जाते त्या रस्त्याने."

"आता नाहीये," मी म्हणालो, आणि ती कपची टेबलावर ठेवली. "अंडीवाल्या बाईंचा ट्रे त्यावरच फुटला. कवच डांबराला चिकटलं. मग ते डांबर तिथून निघालं आणि..."

मुलीची नजर कपचीवरून दाराकडे गेली. उताराकडे. मग नवऱ्याकडे.

"अहो?"

मुकादम खाली बसले, तिथेच उंबऱ्यावर.

"सोमवारी संध्याकाळी केला," ते म्हणाले. "दुसऱ्या रस्त्यावरचा माल उरला होता. परवानगी नव्हती. म्हटलं, बाबा सकाळी जातील, धुकं निवळलं की दिसेल त्यांना. अकरा अर्ज केले त्यांनी. कुणी दाद दिली नाही, म्हटलं निदान घरच्या माणसाने..." त्यांनी सासऱ्यांकडे पाहिलं. "पट्टे मंगळवारी मारणार होतो. मंगळवारी हे झालं. दुपारी जाऊन उकरून काढला. टाकून देववेना. दारात आणून घातला."

"आणि पाच दिवस बाबा विचारतायत मी वेडा का, ते ऐकत होतात तुम्ही?" मुलगी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं वाटलं असतं.

"ऐकत होतो."

"घास कसा उतरला हो तुमच्या घशाखाली?"

"नाही उतरला. ताट तूच उचलत होतीस."

बाहेर धुकं विरळ होत होतं आणि खिडकीची चौकट हळूहळू उजळत होती. मला वाटलं, आपण उठून जावं. पण उठण्याचा आवाज झाला असता.

"जावईबापू," काका म्हणाले. त्यांनी डोळे अजून उघडले नव्हते. "उंची किती ठेवली होतीत?"

मुकादमांना ते कळायला वेळ लागला. "अर्धी वीत."

"मी चार बोटं लिहिली होती. आणि अंतर चाळीस पावलं. तुम्ही बावीसवर केलात. चाळीसवर असता तर ती सावरून थांबली असती. अर्ज वाचला नाहीत?"

"वाचला नाही, बाबा. रोज जेवताना ऐकलाय, म्हणून वाटलं पाठ आहे."

काकांच्या मिशीखाली काहीतरी हललं. हसू होतं की रडू, ते माझ्यासारख्याला सांगता यायचं नाही.

"उद्या बैठकीत मीच सांगतो सगळं," मुकादम म्हणाले. "नोकरी जाईल, जाऊ दे."

"सांगाच. मी शेजारी बसेन," काका म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "आणि त्या बाईंना माझा निरोप द्या. म्हणावं, तुमच्या गोगलगायीला शिकवा, मघाशी उभा होता तो माणूस आताही उभाच असेल असं धरून चालू नकोस. मीही तेच केलं. तीस वर्षं डिपर खरा निघाला, म्हणून एकतिसाव्या वर्षी चेहरा न बघता पाऊल टाकलं. तिने निदान ब्रेक तरी लावला."

मी ते लिहून घेतलं. माझ्या अहवालातलं तेवढं एकच वाक्य मला बरं वाटतं.

निघताना काका म्हणाले, मला बाहेर न्या, धुकं गेलेलं बघायचंय. मुकादम उठले, पण मुलीने त्यांच्या हातातून खुर्ची घेतली. मग दोन पावलं गेल्यावर, मागे न बघता, ती जरा बाजूला सरकली. खुर्चीची एक मूठ त्यांच्यासाठी मोकळी राहिली.

मी उताराच्या पायथ्याशी वाट अडवून उभा होतो. खुर्चीची पुढची चाकं त्या काळ्या डांबरावर आली, खुर्ची कलली, आणि काकांच्या चष्म्यावर सूर्य आला. थेट माझ्या डोळ्यांत, एकदा. मग गेला.

जायची खूणच होती ती. पण मी जागचा हललो नाही. डोळ्यांवरची तिरीप ओसरू दिली, त्यांचा चेहरा नीट दिसू दिला.

"चढ जरा जास्तच झालाय, जावईबापू," काका म्हणत होते. "हे पण चार बोटांवर आणा."

मग मी बाजूला झालो.